भावाचा न्याय करायचा की त्याच्यावर प्रीती? विश्वासणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीतल्या एका लहानशा अभ्यासगटात मी बरीच वर्षं बसते आहे. वचन कुठलंही उघडलं तरी बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं: अमक्याचं वागणं बरोबर नाही, मग आपण काय करायचं? हे प्रश्न जसे विचारले गेले तसेच इथे ठेवले आहेत. उत्तरं माझ्या समजेप्रमाणे, शास्त्र समोर ठेवून लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी मी स्वतः अडखळले आहे.

प्रभू येशूने "दोष काढू नका" असं सांगितलं. म्हणजे चूक दिसली तरी गप्प बसायचं का?

नाही. मत्तय ७:१ सगळ्यांना पाठ असतं, पण पाचव्या वचनापर्यंत फार थोडे जातात. तिथे प्रभू सांगतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. कुसळ तिथेच राहू दे, असं तो कुठेही म्हणत नाही. त्याच अध्यायात पुढे मेंढरांच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखायला सांगितलं आहे. योहान ७:२४ मध्ये तर तोंड पाहून नव्हे, यथार्थ न्याय करा असं स्पष्टच आहे. डोळे मिटून घ्या असं कुणी सांगितलेलं नाही.

मराठीत कुसळाला मुसळाची जोड आहे. मूळ ग्रीक शब्द मात्र घराच्या तुळईचा आहे. सुताराच्या घरात वाढलेला माणूस हे बोलतो आहे, तुळई केवढी असते हे त्याला ठाऊक होतं.

तुम्ही कधी कुणाच्या डोळ्यातलं कुसळ खरोखर काढलं आहे का? आधी हात धुवावे लागतात. त्याला उजेडाकडे तोंड करून बसवावं लागतं. हनुवटी धरून मान वर करायची, पापणी अलगद उलटायची, आणि एवढं करूनही त्याने डोळा उघडा ठेवला तरच काम होतं. ज्याच्यावर भरवसा नाही त्याचं बोट जवळ आलं की डोळा आपोआप घट्ट मिटतो. लांब उभं राहून, चारचौघांत आवाज चढवून हे काम होत नाही.

स्वतःचं मुसळ आधी काढायचं म्हणजे निर्दोष झाल्याशिवाय कुणाला काही बोलायचंच नाही?

तसं असतं तर कुणी कुणाला कधी सावरलंच नसतं. गलतीकरांस ६:१ मध्ये प्रेषित पौल सांगतो की अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा आणि तूही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष ठेव. तिथे वापरलेलं ग्रीक क्रियापद मत्तय ४:२१ मध्येही आहे. याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते, तिथे. फाटलेलं जाळं कोळी फेकून देत नाही. मांडीवर घेतो, भोक शोधतो आणि एकेक गाठ बसवत जातो. हे काम करणाऱ्याला आपलंही जाळं उद्या फाटणार आहे हे माहीत असतं.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात स्केते इथे मोशे नावाचे एक मठवासी राहत. पूर्वायुष्यात ते दरोडेखोर होते. वाळवंटातल्या त्या वडिलांच्या आठवणींच्या जुन्या संग्रहांत त्यांची एक गोष्ट सांगितलेली आहे. एका भावाच्या हातून अपराध घडला, त्यावर विचार करायला सगळे जमले आणि मोशेंना बोलावणं गेलं. ते येईनात. दुसऱ्यांदा निरोप गेला तेव्हा ते निघाले, पण एक गळकं भांडं पाण्याने भरून बरोबर घेतलं. सामोरे आलेल्यांनी विचारलं, हे काय? ते म्हणाले, माझी पापं माझ्यामागे अशी गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला आलो आहे. जमलेल्यांनी त्या भावाला क्षमा केली.

पारखणं आणि दोषी ठरवणं, यांत नेमका फरक काय?

"तू माझ्याशी खोटं बोललास" हे एका कृतीबद्दलचं बोलणं आहे. ते खरं असू शकतं आणि बोलायलाही हवं. "तू खोटारडाच आहेस" म्हटलं की आपण माणसाला एका शब्दात बंद केलं. "त्याचं तारणच झालेलं नाही, नाहीतर असा वागला नसता" म्हटलं की आपण ज्या आसनावर बसतो ते आपलं नाही. नियम देणारा आणि न्याय करणारा एकच आहे, मग शेजाऱ्याचा न्याय करणारा तू कोण, असं याकोब विचारतो (४:१२). प्रभू येण्याआधी निवाडा करू नका, अंतःकरणातले हेतू तोच उघड करणार आहे, असं पौल करिंथकरांना लिहितो (१ करिंथ ४:५). कृती आपल्याला दिसते. हेतूचा आपण अंदाज बांधतो आणि मग त्या अंदाजाला पुरावा समजू लागतो.

मी स्वतःसाठी एक साधी खूण ठेवली आहे. एखाद्याची चूक लक्षात आल्यावर माझे पाय पहिल्यांदा कुणाकडे वळतात? त्याच्याकडे, की तिसऱ्या कुणाकडे? तिसऱ्याकडे वळले तर मी न्यायाला बसले आहे, मग तोंडात कितीही प्रेमाची भाषा असो.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मोठ्या भावाचं चुकलं तरी काय? तो खरंच प्रामाणिक होता.

होता. धाकटा आपला वाटा उधळून घरी परतला आणि बापाने मेजवानी दिली, तेव्हा घरीच राबत राहिलेला हा थोरला रागावून आत गेला नाही. प्रामाणिक होता म्हणूनच तो आपल्यासारख्या, बरीच वर्षं मंडळीत असलेल्या लोकांना इतका जवळचा वाटतो. लूक १५:३० त्याच्या तोंडी काय घालतं ते शब्द न शब्द वाचा. तो "माझा भाऊ" म्हणत नाही. बापाला म्हणतो, "हा तुझा मुलगा". नातं तोडून टाकायला एवढं एक सर्वनाम पुरलं. बाप पुढच्याच बोलण्यात ते परत जोडतो: "हा तुझा भाऊ" मेला होता, तो जिवंत झाला आहे.

दुसरी गोष्ट तर माझ्याही फार उशिरा ध्यानात आली. मोठा भाऊ म्हणतो की याने तुझी संपत्ती वेश्यांवर उडवली. आता तेराव्या वचनाकडे मागे जा. तिथे फक्त एवढंच आहे की धाकट्याने चैनबाजीत पैसे उधळले. वेश्यांचा उल्लेख गोष्टीत त्याआधी कुठेच नाही. मोठा भाऊ त्या दूर देशी गेला नव्हता आणि धाकट्याशी अजून एक शब्दही बोलला नव्हता. मग हे त्याला कुठून कळलं? कुणी सांगितलं असेल, किंवा त्याने मनाशीच धरलं असेल. आपण एखाद्याला मनातून दोषी ठरवलं की रिकाम्या जागा अशाच भरत जातात, आणि नेहमी काळ्याच रंगाने.

गोष्ट संपते तेव्हा तो बाहेरच उभा आहे. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. बाप मात्र त्याची समजूत घालायला मेजवानी सोडून बाहेर आला आहे. धाकट्यासाठी जसा धावत गेला, तसाच थोरल्यासाठीही अंगणात आला. दोष काढणाऱ्यावरही त्या घरात प्रीती आहे, हे विसरू नये.

आम्ही प्रार्थनेसाठी म्हणूनच सांगतो. ती चहाडी कशी?

याचं उत्तर मला माझ्याबद्दल सांगूनच द्यावं लागेल. आमच्या गटातल्या एका बहिणीने दोघींकडून उसने पैसे घेतले होते. परत केले, असं तिने मला सांगितलं. केले नव्हते. मला कळलं तेव्हा मी तिच्याकडे गेले नाही. पुढच्या प्रार्थनासभेला ती आली नव्हती. प्रार्थनेचे विषय विचारले गेले तेव्हा मी म्हटलं, "आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करू या, पैशांच्या व्यवहारात तिला सत्याने चालता यावं म्हणून." नाव घेतलं नाही. बाराजणांच्या गटात नाव घ्यावं लागत नाही. डोळे मिटण्याआधी दोघींनी एकमेकींकडे पाहिलेलं मला दिसलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात दाराजवळची तिची नेहमीची खुर्ची रिकामी होती. त्यापुढच्याही.

माझ्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यामुळेच माझी चूक मला कितीतरी दिवस दिसली नाही. आपण खरं बोललो म्हणजे बरोबर वागलो, असं मी धरून चालले होते. तिला मी देवापुढे नेलं नव्हतं, अकराजणांपुढे नेलं होतं. देवाला तर तिचं नाव, ती रक्कम आणि ती खोटं का बोलली हे सगळं आधीच ठाऊक होतं.

त्यानंतर आम्ही गटात एक गोष्ट ठरवली. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारायचं. विचारता येत नसेल तर घरी दार लावून एकटीने गुडघे टेकायचे.

मत्तय १८ मधली पद्धत प्रत्यक्षात कशी वापरायची?

आधी एकट्याने जा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरीही नाही तर मंडळीला सांग. पायऱ्या एवढ्याच आहेत. आपण मात्र बऱ्याचदा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो आणि पहिलीपर्यंत कधी पोचतच नाही.

हे वचन ज्या जागी आहे ती जागाही पाहा. त्याच्या लगेच आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे: नव्व्याण्णव सोडून एकाच्या शोधात निघालेला मेंढपाळ. लगेच नंतर पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू? मग निर्दय चाकराचा दाखला येतो: त्याचं मोठं कर्ज माफ झालं, पण त्याने सोबत्याचं लहान कर्ज माफ केलं नाही. त्यातले आकडे एकदा मांडून पाहण्यासारखे आहेत. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. एक तालान्त म्हणजे सुमारे ६,००० दिनार. धन्याने त्या चाकराला १०,००० तालान्त सोडले, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. सोबतच्या चाकराकडून त्याचं येणं होतं १०० दिनार. हे १०० दिनार क्षुल्लक नव्हते, तीन महिन्यांहून जास्त दिवसांची कमाई होती ती. आपल्याला जे दुखवलं गेलं ते खोटं आहे, असं प्रभू म्हणतच नाही. तो दुसरा आकडा शेजारी ठेवतो.

"भावाला त्याची चूक दाखव" ही पायरी अशा दोन दाखल्यांच्या मध्ये बसली आहे. हेतूही तिथेच लिहिला आहे: त्याने ऐकलं तर तू आपला भाऊ मिळवलास. खटला जिंकलास, असं नाही.

जाताना निवाडा घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. यहोशवा २२ मध्ये रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेजवळ एक मोठी वेदी बांधतात. बाकीच्या इस्राएलाला वाटतं, हे परमेश्वराला सोडून चालले. सगळे शिलोत लढाईसाठी जमतातही. पण तलवार उपसण्याआधी ते फिनहास आणि दहा सरदारांना पाठवतात. तिथे कळतं की ती वेदी बळीसाठी नव्हतीच. नदीपलीकडच्या लोकांनी पुढे आपल्या मुलांना "तुमचा आमच्या देवाशी काय संबंध?" असं म्हणू नये, म्हणून साक्षीसाठी ती बांधलेली होती. म्हणजे जिच्यावरून त्यांना धर्मत्यागी समजलं गेलं, ती वेदी त्यांनी आपल्या भावांपासून तुटू नये म्हणूनच उभारली होती. फिनहास गेला नसता तर?

मग पौलाने करिंथच्या मंडळीला त्या माणसाला बाहेर काढायला का सांगितलं?

कारण पाप उघड होतं, तो माणूस ते सोडायला तयार नव्हता आणि मंडळी त्याबद्दल शोक करायच्या ऐवजी फुगली होती (१ करिंथ ५). बापाच्या बायकोशी संबंध ठेवणं ही अफवा नव्हती आणि मतभेदाचा विषय तर नव्हताच. त्या अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो की बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, आतल्यांची जबाबदारी तुमची आहे. आपण बरोबर उलट करतो. जगावर ताशेरे ओढतो आणि आतलं झाकतो.

पण शिस्तीचं टोक कुठे होतं तेही पाहा. त्याच्या आत्म्याचं तारण व्हावं, हाच हेतू पौल पाचव्या वचनात सांगतो. दुसऱ्या पत्रात, तोच माणूस असो वा दुसरा कुणी, शिक्षा झालेल्या एकाबद्दल तो लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, सांत्वन द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:६–८). थेस्सलनीकाकरांनाही हेच सांगितलं आहे: आज्ञा न मानणाऱ्याची संगत टाळा, तरी त्याला शत्रू समजू नका, भाऊ समजून बोध करा. ज्या मंडळीला बाहेर काढणं जमतं आणि परत घेणं जमत नाही, तिने अर्धंच वचन वाचलं आहे.

खाणंपिणं, सणवार, कपडे, गाण्याची पद्धत यांवरून होणाऱ्या वादांचं काय?

रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच्यासाठीच आहे. काही जण सगळं खात, काही फक्त भाजीपाला. कुणी एक दिवस विशेष मानी, कुणी सगळे सारखे. पौल दोन्ही बाजूंना एकच आज्ञा देत नाही, ही गोष्ट सहसा सुटते. खाणाऱ्याला तो सांगतो, न खाणाऱ्याला तुच्छ मानू नको. न खाणाऱ्याला सांगतो, खाणाऱ्याला दोषी ठरवू नको. ज्याला मोकळीक वाटते त्याचं पाप असतं हिणवण्याचं: "अजून तुम्ही यातच अडकलात?" ज्याला बंधन वाटतं त्याचं पाप असतं निवाड्याचं: "हा कसला विश्वासणारा!" आपण कुठल्या बाजूला आहोत हे ओळखलं की आपला मोह कुठला तेही ओळखता येतं.

आणि चौथं वचन: दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? तो उभा राहील किंवा पडेल ते त्याच्या धन्यापुढे. पौल लगेच पुढे म्हणतो, तो उभाच राहील, कारण त्याला उभं करायला प्रभू समर्थ आहे.

दुसऱ्या पंथाच्या विश्वासणाऱ्यांची शिकवण आम्हाला पटत नाही. तरी त्यांना भाऊ म्हणायचं?

मतभेद लपवायचे नाहीत. ते खरे असतात आणि काही तर खूप खोल असतात. येशू हा प्रभू आहे, तो मेलेल्यांतून उठला आहे, हे नाकारलं तर सुवार्ताच उरत नाही. पण ज्या बाबतीत तो पाया दोघांचाही आहे, तिथे आपल्याआधी चाललेल्या लोकांकडून पुष्कळ शिकता येतं, त्यांच्या चुकांतूनही.

इ.स. १५५ च्या सुमारास स्मुर्णाचे म्हातारे बिशप पॉलिकार्प रोमला गेले. पुनरुत्थानाचा सण कुठल्या दिवशी पाळायचा, यावर त्यांचं आणि रोमचे बिशप अनिसेटस यांचं पटेना. कुणीच कुणाचं मन वळवू शकलं नाही. तरीही अनिसेटस यांनी मानाने प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्प यांच्या हाती दिला आणि दोघे शांतीने वेगळे झाले. पुढच्याच पिढीत, साधारण १९० साली, रोमचे बिशप व्हिक्टर यांनी याच मुद्द्यावरून आशियातल्या मंडळ्यांशी संबंध तोडायचा प्रयत्न केला. तेव्हा लियोंचे बिशप आयरेनियस यांनी त्यांना पॉलिकार्प आणि अनिसेटस यांचीच आठवण करून दिली.

दुसरीकडे, १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल इथल्या पुढाऱ्यांनी एकमेकांना बहिष्कृत ठरवलं. ते बहिष्काराचे शब्द मागे घेतले गेले ७ डिसेंबर १९६५ रोजी. नऊशे अकरा वर्षं! १५२९ मध्ये मारबुर्ग इथे ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन धर्मसुधारक भेटले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं. पंधरावा प्रभुभोजनाचा, आणि तिथे गाडी अडली. एकत्र जेवायला बोलावणाऱ्या प्रभूच्या मेजावरच हे घडावं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफील्ड या अठराव्या शतकातल्या दोन इंग्रज उपदेशकांचं उदाहरण मी नेहमी देते. देवाच्या निवडीबद्दल दोघांची मतं टोकाची वेगळी होती. त्यांचा वाद छापून आला, दुरावाही आला, आणि शेवटपर्यंत दोघांपैकी कुणी मत बदललं नाही. तरी ३० सप्टेंबर १७७० रोजी व्हिटफील्ड वारले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये उपदेश कुणी केला? वेस्ली यांनी. व्हिटफील्ड यांची तशी इच्छाच होती.

पाळकांना किंवा मंडळीच्या वडिलांना प्रश्न विचारणं म्हणजे न्याय करणं का?

नाही. "अभिषिक्ताला हात लावू नका" हे वचन तोंडं बंद करायला वापरलं जातं, म्हणून थोडं ठामपणे लिहिते. दावीदाने शौल राजाच्या जिवाला हात लावला नाही, पण गुहेबाहेर उभं राहून त्याचा अन्याय त्याला मोठ्याने ऐकवला. नाथान संदेष्ट्याने स्वतः दावीदालाच सांगितलं, तो माणूस तूच आहेस. अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर विरोध केला. तीमथ्याला लिहिताना पौल म्हणतो, वडिलाविरुद्धचा आरोप दोनतीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको, पण पाप करत राहणाऱ्यांचा दोष सर्वांदेखत दाखव.

आणि गुन्हा घडला असेल, लहान मुलावर अत्याचार, घरात मारहाण, मंडळीच्या पैशांची अफरातफर, तर "प्रीती पापांची रास झाकून टाकते" हे वचन तिथे आणू नका. त्या वचनातलं झाकणं म्हणजे दुखावलेल्याने सूड न घेता सोडून देणं. दुसऱ्याच्या जखमेवर आपण टाकलेलं पांघरूण नव्हे. अशा वेळी जिला इजा झाली तिला सुरक्षित जागी नेणं आणि पोलिसांकडे जाणं हीच प्रीती आहे. तिला एकटीने जाऊन त्याच्याशी बोलायला लावणं हा मत्तय १८ चा सरळ गैरवापर आहे.

नवा विश्वासणारा जुन्या सवयी सोडत नाही. किती थांबायचं?

बर्णबाने थांबून पाहिलं तितकं. यरुशलेमातले शिष्य पूर्वी मंडळीचा छळ करणाऱ्या शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, घाबरत होते, आणि त्यांची भीती निराधार नव्हती. त्याला हाताला धरून प्रेषितांकडे आणलं ते बर्णबाने. पुढे सुवार्तेच्या प्रवासात त्यांच्याबरोबर निघालेला योहान मार्क अर्ध्या वाटेवरून परत गेला, तेव्हा पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार झाला नाही. वाद इतका पेटला की ज्याच्यासाठी एकदा बर्णबाने शब्द टाकला होता, तोच पौल बर्णबापासून वेगळा झाला. बर्णबा मार्कला घेऊन गेला. बऱ्याच वर्षांनी तुरुंगातून पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). मार्क उपयोगी कुणाच्या हाताखाली झाला, हे पत्रात लिहिलेलं नाही. मला तिथे नेहमी बर्णबा दिसतो.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट जुन्या हस्तलिखितांत नाही म्हणतात. मग ती सांगावी का?

योहान ७:५३ ते ८:११ हा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, हे खरं आहे. मंडळीने तो फार पूर्वीपासून जपला आहे आणि त्यातला येशू बाकीच्या शुभवर्तमानांतल्या येशूपेक्षा वेगळा नाही, म्हणून मी तो निर्धास्तपणे शिकवते. पण दगडमार करावी का, असं विचारत लोकांनी समोर आणलेल्या त्या स्त्रीला येशू म्हणतो त्या "मीही तुला दोषी ठरवत नाही" यावर थांबू नका, पुढचं "जा, यापुढे पाप करू नको" हेही वाचा. आणि हेही विचारा की लेवीय २०:१० प्रमाणे दोघेही दोषी, मग त्या पुरुषाला कुणी आणलं का नाही?

लोक माझाच न्याय करतात, तेव्हा?

हन्नाकडे पाहा. मंदिरात ओठ हलवत रडत प्रार्थना करणाऱ्या बाईला एली याजकाने दारू प्यायलेली समजलं. ती उठून गेली नाही, उलट बोललीही नाही. नाही स्वामी, मी दुःखी आहे, मी परमेश्वरापुढे मन मोकळं केलं, असं तिने सांगितलं. एलीनेही हट्ट धरला नाही, तिथल्या तिथे तिला आशीर्वाद दिला. दोघांचंही शिकण्यासारखं आहे.

मी दुसऱ्यांचा नाही, स्वतःचाच सतत न्याय करते. हे तरी चालेल ना?

पौल म्हणतो, मी स्वतःचादेखील न्याय करत नाही (१ करिंथ ४:३). पाप कबूल करणं वेगळं, रोज स्वतःला फटके मारणं वेगळं. ख्रिस्त येशूमध्ये असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही, हे तुमच्यासाठीही आहे. ज्यांना स्वतःसाठी कृपा घेता येत नाही, त्यांच्या हातून ती दुसऱ्याला देताना हात आखडतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मी चुकीचं दोषी ठरवलं, आता माफी मागितली तर ती स्वीकारली जाईल का?

ते आपल्या हातात नाही. वर ज्या बहिणीबद्दल लिहिलं, तिच्या घरी मी जवळजवळ पाच महिन्यांनी गेले. दारातच उभं राहून, मी काय केलं ते सगळं सांगितलं. "पण तूही" हे शब्द दोनदा ओठांवर आले होते. तिने ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाली. आत बोलावलं नाही. पुढच्या प्रार्थनासभेत मी गटालाही सांगितलं, कारण तिचं नाव खराब झालं ते तिथे, तर दुरुस्तही तिथेच व्हायला हवं होतं.

ती आता दुसऱ्या मंडळीत जाते. उसने पैसे तिने वर्षभरात थोडे थोडे करून फेडले, हे मला त्या दोघींकडून कळलं. दर नाताळला मी तिला निरोप पाठवते. कधी उत्तर येतं, कधी नाही. मागच्या वेळी आलं होतं, दोनच ओळी: शुभेच्छा मिळाल्या, आणि तुमच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे?